जेवून राहिलं इस्तंबूल, जेवून राहिलं बँकॉक

खापरखेड्यात कुणी जेवत नाही, जेवून राहतो. भर दुपारी फोन लावून 'काय करून राहिला बे?' असं विचारलं, की पलीकडून घास गालात सारून 'जेवून राहिलो' असं उत्तर येतं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. नागपूरहून छिंदवाड्याच्या दिशेला निघालं, की कोराडीच्या पुढे सावनेर तालुक्यात हे गाव लागतं. महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे ४ संच आणि ५०० मेगावॅटचा १, असे मिळून १३४० मेगावॅट. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर वाऱ्याच्या मर्जीनुसार राखड. सरकारी कागदावर इथला पाचवा संच 'कार्यान्वित आहे'. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तोच संच 'चालून राहिला'. वीज दोन्ही भाषांत सारखीच तयार होते, राज्याच्या तारांच्या जाळ्यात शिरते आणि पुण्यापर्यंतही पोचते. तिथे त्याच विजेच्या दिव्याखाली बसून कुणीतरी लाल पेन काढतो आणि 'जेवून राहिलो' या शब्दांवर काट मारतो. वीज चालते, ती करणाऱ्यांचं व्याकरण चालत नाही, असा हा व्यवहार आहे. लाल पेनवाल्याचं चुकतं आहे, आणि ते चुकतं हे दाखवायला तुर्की आणि थाई या दोन भाषा पुरेशा आहेत, एवढंच या लेखाचं म्हणणं.

आरोप दोन आहेत. पहिला तर्काचा. 'जेवून' म्हणजे जेवण उरकून, आणि 'राहिलो' म्हणजे मुक्काम ठोकला. तेव्हा 'जेवून राहिलो' म्हणजे जेवण झालं तरी हलायचं नाव नाही, आणि हे चालू क्रियेचं वर्णन नसून घरजावयाचं आहे. दुसरा आरोप कुळाचा. ही हिंदीतल्या 'खा रहा हूँ'ची नक्कल आहे, सबब तिला मराठीत जागा नाही. यावर नागपूरकराचा बचाव ठरलेला असतो. 'आमच्याकडे असंच बोलतात ना भाऊ' असं म्हणून तो समोरच्या तर्री-पोह्यांकडे वळतो. बचाव चविष्ट असला तरी पुरेसा नाही, कारण 'आमच्याकडे असंच असतं' या एका वाक्यावर हुंड्यापासून हेल्मेट न घालण्यापर्यंत सगळ्याचं समर्थन होऊन चुकलेलं आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींची रीतसर दखल घेतलेली आहे खरी, पण दखल म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. दखल पोलीसही घेतात. घरचे साक्षीदार काढावेत, तर पुणेकर पुण्याच्या बाजूने बोलणार, नागपूरकर नागपूरच्या, आणि हिंदीवर तर खुद्द फूस लावल्याचा ठपका. म्हणून साक्षीदार असे हवेत, की ज्यांचा या भांडणाशी, हिंदीशी आणि एकमेकांशीही काडीचा संबंध नाही. तुर्की आणि थाई नेमक्या तशा आहेत. त्यांची कुळं वेगळी, मुलूख वेगळे, स्वभाव तर उत्तर-दक्षिण. या दोघी एखाद्या बाबतीत खापरखेड्यासारखं बोलल्या, तर तो खापरखेड्याचा आगाऊपणा नसून माणसाच्या जिभेचा स्वभाव आहे, असं मानावं लागेल.

त्या किती वेगळ्या आहेत ते आधी पाहू, म्हणजे साक्षीचं वजन कळेल. तुर्कीचा सगळा जीव शेपटात. 'एव' म्हणजे घर. त्याला 'लेर' लावलं की घरं, पुढे 'इमिझ' लावलं की आमची घरं, वर 'देन' लावलं की आमच्या घरांतून, आणि 'एवलेरिमिझदेन' असा एकच शब्द तयार. त्यात पुन्हा शिस्त अशी, की मूळ शब्दातला स्वर जसा असेल तसे मागून येणाऱ्या प्रत्ययांनी आपले स्वर बदलून घ्यायचे. घरांना 'लेर', तर घोड्यांना 'लार'. ही शेपूट किती लांबू शकते याचा तुर्कांना इतका अभिमान, की 'आम्ही ज्यांना चेकोस्लोव्हाकियन बनवू शकलो नाही, त्यांपैकी आपण आहात का?' या प्रश्नातला 'आहात का' तेवढा सुटा लिहून बाकीचं सगळं ते 'चेकोस्लोवाक्यालीलाश्तिरामादिक्लारिमिझदान' या एका शब्दात कोंबतात. १९९३च्या पहिल्या दिवशी चेकोस्लोव्हाकियाची दोन राष्ट्रं झाली. शब्द मात्र अजून अखंड आहे. थाईचं याच्या बरोबर उलट. तिथे शब्दाला शेपूटच नाही. लिंग, वचन, विभक्ती, काळ, कशासाठीही शब्दाचं रूप बदलत नाही. एक कुत्रा तोच दहा कुत्रे, काल जाणं तेच उद्या जाणं. रूपावल्या घोकून पिकलेल्या मराठी माणसाला वाटतं, ही भाषा तर फुकटात आली. तेवढ्यात सूर आडवे येतात. थाईत पाच सूर आहेत आणि सूर चुकला की शब्दच बदलतो. 'माइ माइ माइ माइ माइ' हे योग्य सुरांत म्हटलं, तर 'नवं लाकूड जळत नाही ना?' असं धडधाकट वाक्य होतं. ज्या गावाची चूल जाळण्यावरच पेटते तिथे हा प्रश्न मोठ्या व्यवहाराचा आहे, फक्त बॉयलरच्या घरघरीत तो विचारायची सोय नाही. आणि शब्द आखूड ठेवण्याचं व्रत घेतलेल्या याच लोकांनी आपल्या राजधानीचं औपचारिक नाव मात्र दीडशेहून अधिक अक्षरांचं ठेवलं आहे. व्रतस्थांची हौस कुठूनतरी बाहेर पडतेच.

आता या दोघींना एकच प्रश्न विचारायचा: एखादा माणूस या घडीला जेवतो आहे, हे तुम्ही कसं सांगता? बँकॉकचं उत्तर आहे, 'किन खाव यू'. किन म्हणजे खाणं, खाव म्हणजे भात, आणि यू म्हणजे राहणं. 'तुम्ही कुठे राहता?' या प्रश्नात जे क्रियापद येतं, तेच हे. शब्दाला शब्द लावला तर 'भात खाऊन राहिला'. नागपूरच्या इतवारीतून कुणी हे शिकवायला तिकडे गेलेलं नव्हतं. वर, क्रिया चालू असल्याचं ठासून सांगायचं तर आधी 'कामलांग' जोडतात. कामलांग म्हणजे बळ, शक्ती. विजेच्या शक्तीलाही हाच शब्द. म्हणजे बँकॉकचा माणूस पूर्ण शक्तीनिशी भात खाऊन राहिलेला असतो, आणि हे वर्णन सावजी रश्श्यासमोर बसलेल्या नागपूरकराला मोजून मापून शिवल्यासारखं बसतं. इस्तंबूलचं उत्तर आहे, 'येमेक यियोर'. यातला शेवटचा 'योर' आज निव्वळ प्रत्यय दिसतो, पण मुळात तो चालणे या अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाचा उरलेला तुकडा आहे. 'गेलियोर' म्हणजे येतो आहे. मराठी कानाला त्यात 'गेली' ऐकू येतं, प्रत्यक्षात माणूस येत असतो, आणि तुर्कीत लिंगभेद नसल्यामुळे तो येतो आहे की ती, हे दार उघडेपर्यंत कळत नाही. थोडक्यात, थाई माणूस जेवून राहतो आणि तुर्क जेवत चालतो. दोन्हीकडे घडलं ते एकच. एका धडधाकट क्रियापदाला मूळ खात्यातून उचलून दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला प्रतिनियुक्तीवर पाठवलं गेलं. सुरुवातीला ते जुन्या पदाचा तोरा मिरवतं, मग नव्या टेबलावर रुळतं, आणि शेवटी मूळ खातं कोणतं हे त्याचं त्यालाच आठवेनासं होतं. तुर्कीचं 'योर' त्या शेवटच्या पायरीवर पोचून कायम झालं आहे. थाईचं 'यू' अजून दोन्ही खात्यांत सही करतं. नागपूरचं 'राहणं'ही तसंच. सकाळी ते वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहतं आणि दुपारी जेवून राहतं. मुक्कामाचा पत्ता विचारायचा तो पहिल्या 'राहण्या'ला; दुसऱ्याला विचारणाऱ्याने त्याचा नेमणुकीचा आदेश वाचलेला नाही.

यावर तर्कनिष्ठ माणूस म्हणेल, परक्यांनी आपल्या क्रियापदांचा अर्थ सांडला म्हणून आपण का सांडावा? पण तो आपण केव्हाच सांडला आहे, आणि तो सदाशिव पेठेतही सांडलेला सापडतो. थांब्यावर पाऊण तास उभा राहिलेला गृहस्थ घरी येऊन 'बसची वाट बघत बसलो होतो' असं बिनदिक्कत सांगतो. बसला तो कुठेच नव्हता. बसायला जागा मिळाली असती तर निम्मी तक्रारच उरली नसती. एखादा 'काहीही सांगत सुटतो', तेव्हा तो कुठून सुटला हे कुणी विचारत नाही. डच लोकही 'वाचतो आहे' हे सांगताना 'वाचायला बसला आहे' अशीच रचना करतात, तेव्हा पुण्याची या बाबतीत नेदरलँड्समध्ये शाखा आहे असं म्हणता येईल. पण मग नागपूरची बँकॉकमध्ये आहे, हेही मान्य करावं लागेल. याहून मोठा पुरावा 'म्हणून' या शब्दाचा. 'पाऊस आला म्हणून छत्री घेतली' हे वाक्य कोणत्याही परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतं. पण 'म्हणून' म्हणजे मुळात 'असं बोलून'. इथे बोललं कोण? पाऊस बोलला नाही, छत्री तर मुळीच नाही. तुर्कीत याच जागी 'दिये' येतं, आणि तेही बोलणे या क्रियापदापासूनच झालेलं आहे. पावसाचं कारणही त्याच 'दिये'ने सांगतात. थाईत 'त्याला असं वाटतं की' म्हणताना 'की'च्या जागी 'वा' येतं, आणि 'वा' म्हणजेही बोलणंच. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता आपापल्या बोलण्याच्या क्रियापदाचं तोंड काढून घेतलं आणि त्याला नुसतं जोडकामाला लावलं. याच घराण्यातलं आपलं 'म्हणे'. तुर्कीत 'गेल्दी' म्हणजे आला, आणि 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे, मी पाहिलेलं नाही, माझ्यावर येऊ नका. कॉलनीतल्या बदल्या, बढत्या आणि सोयरिकी यांच्या निम्म्या बातम्या या एका 'म्हणे'च्या आधारावर उभ्या असतात. तुर्कांनी ती जबाबदारी थेट क्रियापदाच्या शेपटालाच बांधली. 'म्हणणं' बिनतोंडाचं चालत असेल, तर 'राहणं' बिनमुक्कामाचं चालायला काय हरकत आहे? तर्काचा आरोप इथे संपतो.

कुळाचा आरोप जास्त वजनदार आहे आणि तो सरसकट नाकारण्यात शहाणपण नाही. नागपूर १९५६पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी आणि हिंदी तिथे एकाच बाकावर बसत. सावनेरच्या पुढे थोडं गेलं की आजचा मध्य प्रदेश लागतो, आणि तिथल्या सौंसरकडे घरात मराठी तर सरकारी फलकावर हिंदी, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. खाणीत आणि प्लांटमध्ये तर नाना मुलखांची माणसं खांद्याला खांदा लावून काम करतात. तेव्हा 'कर रहा है' शेजारून ऐकून 'करून राहिला' रुजलं असेल, तर ते मान्य. पण अशुद्धतेचं खापर हिंदीच्या डोक्यावर फोडण्याआधी, आणि तेही खापरखेड्यात, दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक तर हिंदीचा वाराही न लागलेल्या थाईने हीच वाट धरली, म्हणजे वाट सगळ्यांना मोकळी होती. हिंदीने फार तर बोट दाखवलं. दुसरं, शेजाऱ्याचं व्याकरण घेणं हा गुन्हा ठरवला, तर पहिला छापा पश्चिम महाराष्ट्रात पडेल. सांगलीजवळच्या कुपवाडच्या भाषांचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूने आपापले शब्द सांभाळले, पण वाक्याचा सांगाडा इतका सारखा करून घेतला, की एका भाषेच्या वाक्यातले शब्द काढून दुसरीचे बसवावेत, की झालं. आणि प्रमाण मराठीच्या अंगावरचा ऐवज? 'आम्ही' म्हणजे तुला वगळून आणि 'आपण' म्हणजे तुला धरून, हा बारकावा हिंदीत नाही. तो मराठीत द्राविड भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. उद्या त्या शेजारणींनी तो परत मागितला तर? 'आम्ही जेवायला बसतोय' एवढ्या एका वाक्यात दारातल्या पाहुण्याला सभ्यपणे वाटेला लावायची पुण्याची सोयच संपेल. 'हम' म्हटलं तर पाहुणा पाट ओढून घ्यायचा. दक्षिणेकडून घेतलेलं ते संस्कार आणि उत्तरेकडून घेतलेलं ते प्रदूषण, हा न्याय नव्हे, होकायंत्राचा बिघाड आहे.

आता उच्चारांची तक्रार. वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांत डोळ्याचा 'डोया' होतो आणि कोळशाचा 'कोयसा'. ज्या ळमुळे मराठी हिंदीपासून वेगळी ओळखू येते, त्या ळचं विसर्जन आणि तेही कोळशाच्या गावात, यावर हळहळणारे लोक आहेत. त्यांनी इस्तंबूलला जाऊन यावं. तुर्की वर्णमालेत डोक्यावर टोपी घातलेला एक ग आहे. तो लिहायचा असतो, म्हणायचा नसतो. फार तर आधीचा स्वर थोडा लांबवायचा. राष्ट्राध्यक्षांच्या आडनावात हा ग बसलेला आहे, आणि सगळा देश त्यांना 'एर्दोआन' म्हणतो. ते कुणावर 'माझा ग खाल्ला' म्हणून खटला भरत नाहीत. बँकॉकमध्ये तर रस्त्यावरच्या बोलण्यात र टिकतच नाही; त्याचा ल होतो किंवा तो गडपच होतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पुरुषाने नम्रतेने म्हणायचा 'ख्राप' हा शब्दसुद्धा 'खाप' होऊन बाहेर पडतो. शाळेत र घोटून घेतात आणि मुलं फाटकाबाहेर पडताच तो टाकून देतात. भाषा अवघड आवाज झिजवत असते, आणि कोणता झिजवायचा हे ती अध्यक्षांना विचारत नाही. यात एक खरी अडचण आहे, ती कबूल करू: 'काळा' आणि 'काया', 'माळा' आणि 'माया' यांतला फरक लिहिताना राखावाच लागतो, नाहीतर माळ्यावर चढायचं की मायेत गुंतायचं हे कळणार नाही. पण लिहिण्याची काळजी लिहिताना घ्यावी. तुर्क लोक ग लिहितात आणि गिळतात, आपणही ळ लिहावा आणि बोलणाऱ्याला त्याचा 'डोया' लखलाभ होऊ द्यावा.

सगळ्यात जास्त बदनाम झालेला शब्द म्हणजे 'बे'. बाहेरच्या माणसाला तो शिवीसारखा लागतो, आणि नागपूरकराला तो नसला तर मैत्री आटल्यासारखी वाटते. इथेही जग नागपूरच्या बाजूने उभं आहे. तुर्कीत वाक्याच्या शेवटी 'लान' येतं. पोरगा या अर्थाच्या 'ओलान' शब्दाचं ते झिजलेलं रूप. जिवलगाला म्हटलं तर माया, अनोळखी माणसाला म्हटलं तर मारामारी. थाईत दोस्तांच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी आखूड 'व' येतो आणि सोबत 'कू' आणि 'मुंग' ही 'मी-तू'ची अशी रूपं, की मोठ्यांसमोर उच्चारली तर कान धरावे लागतील. गंमत अशी, की थाई भाषेचा आद्य नमुना म्हणून मानाने दाखवला जाणारा, १२९२ सालचा म्हणून ओळखला जाणारा रामखामहेंग राजाचा शिलालेख आहे, आणि त्यात महाराज स्वतःला हेच 'कू' म्हणवून आपल्या वडिलांचा परिचय करून देतात. जे आज दोस्तांत चालतं ते त्या काळी दरबारात चालत होतं. शब्द तोच राहिला, त्याची इभ्रत तेवढी खाली आली. साधारण त्याच काळात, १३व्या शतकात, मराठीतला आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी रचला, तो मुळा-मुठेच्या काठी नव्हे, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हणजे वऱ्हाडात. मराठी भाषा विद्यापीठही आता त्याच गावात आहे. तेव्हा शुद्ध मराठी पश्चिमेला उगवते आणि पूर्वेकडे येईपर्यंत मळते, हा भूगोल इतिहासाला धरून नाही. शिवाय 'बे'बरोबर 'भाऊ'ही मोजावा. अनोळखी रिक्षावाल्याला भाऊ, भाजीवालीला मावशी, असं नातं लावल्याशिवाय खापरखेड्यात व्यवहार होत नाही. तुर्क अनोळखी माणसाला थोरला भाऊ या अर्थी 'आबी' म्हणतात आणि वयस्क बाईला 'तेझे' म्हणजे नेमकी मावशीच. थाई लोक थोरल्याला 'फी' आणि धाकट्याला 'नोंग' म्हणतात. ज्या भाषेत सगळ्या गावाशी नातं लागतं, तिथे अधूनमधून 'बे' निघणारच. घरात निघत नाही का?

मग प्रमाण भाषा नकोच का, असा शेवटचा आणि खरा आक्षेप उरतो. सगळंच चालतं म्हटलं तर काहीच चुकत नाही, आणि काहीच चुकत नसेल तर मास्तरांनी काय तपासायचं? पण सगळं चालतं असं खुद्द नागपुरीही म्हणत नाही. 'मले दोन भाऊ असून राहिले' असं खापरखेड्यातलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. जेवण चालू असतं, भाऊ चालू नसतात. म्हणजे या रचनेला नियम आहे, तो लेकरांना न शिकवता येतो, आणि व्याकरण म्हणतात ते यालाच. तुर्कांचा नियम वेगळा आहे. ते 'मला माहीत आहे' याला 'बिलियोरुम' म्हणजे 'जाणत चाललो आहे' म्हणतात, आणि ते ज्ञान तुर्कांत तरी सतत वाढत असावं. प्रमाण भाषा कशासाठी हवी, हेही या दोन देशांत पाहायला मिळतं. थाई लोकांनी इंग्रजी महिन्यांना राशींची नावं दिली आणि त्यांना अशी शेपटं लावली, की ३० दिवसांचा महिना 'योन'वर संपतो, ३१चा 'खोम'वर आणि फेब्रुवारी एकटा 'फान'वर. मेष राशीचा एप्रिल 'मेसायोन', सिंह राशीचा ऑगस्ट 'सिंघाखोम'. बोटांची पेरं मोजायचं काम नाही. असं प्रमाणीकरण असावं. त्याने कुणाचं तरी काम हलकं होतं. तुर्कीने १९२८ साली अरबी लिपी टाकून लॅटिन घेतली, तेही लोकांच्या पथ्यावर पडलं. पण १९३२ साली स्थापन झालेल्या भाषा मंडळाने पुढे अरबी-फारसी शब्दांची अशी झाडलोट केली, की अतातुर्कने १९२७ साली सहा दिवस चालवलेलं प्रदीर्घ भाषण पुढच्या पिढ्यांसाठी तुर्कीतून तुर्कीत उतरवावं लागलं. राष्ट्रपित्याचं भाषण नातवंडांना कळेना, एवढी भाषा शुद्ध झाली. आपल्याकडे साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली. पाठ्यपुस्तक, कोर्टाचा निकाल, वीज बिल यांना अशी एक लेखनपद्धत हवीच. विजेचं बिल 'थकून राहिलं' असं छापून आलं तर दया येऊन कुणीच भरणार नाही. पण हे नियम लेखनाचे आहेत. ते चहाच्या टपरीवर लावणं म्हणजे कॉलनीतल्या भांडणात फौजदारी कायद्याची कलमं वाचून दाखवणं. वाचणारा बरोबर असतो आणि ऐकायला कुणी नसतं.

साक्षीदारांपैकी तुर्कीकडे जाता जाता सांगण्यासारखं आणखी थोडं आहे, आणि लाल पेनवाल्याने ते मुद्दाम ऐकावं. स्वर जुळवण्याची तुर्कीची शिस्त वर आली आहेच. शेपटात जे जे येईल त्याने मुळाच्या स्वरापुढे मान झुकवायची. 'यियोर'मधल्या त्या 'योर'ने ती कधीच झुकवली नाही. आधीचा स्वर कोणताही असो, 'योर'मधला ओ जागचा हलत नाही, कारण तो जन्माने प्रत्यय नव्हता. स्वतंत्र क्रियापद म्हणून आला आणि तो ताठा त्याने शतकानुशतकं सोडला नाही. तुर्कीच्या व्याकरणातला हा खरा नागपूरकर. पण त्याला कुणी ग्राम्य म्हणून हाकललं नाही. पाठ्यपुस्तकात 'हा प्रत्यय अपवाद आहे' अशी ओळ घातली, आणि आज शाळेतल्या पोरापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळे जण आपण या घडीला काय करतो आहोत, ते याच अपवादाच्या जोरावर सांगतात. मराठीच्या व्याकरणातही 'चालू क्रिया दाखवण्यासाठी विदर्भात राहणे या क्रियापदाचा नियमाने उपयोग होतो' एवढी एक ओळ वाढवायची आहे. त्यापायी कुणाची पदवी जात नाही की ज्ञानेश्वरीचा एक कानाही हलत नाही. ओळ लिहिणारा पुण्याचा असला तरी आमची हरकत नाही. त्याने सवडीने लिहीत बसावं. आम्ही वाट पाहून राहिलो.